कुणी ठेवून घेऊ नये अशी पेटी

६ फेब्रुवारी

ठके,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर त्याच्यापुढे एकच बारीक टिक येते आणि ती वर्षभर तशीच राहते. याला ब्लॉक करणं म्हणतात, हे मला परवा माझ्या लेकीने समजावून सांगितलं. दोन वर्षं मी समजत होतो की तुझ्याकडे रेंज नसते. म्हणून आता पत्र. पोस्टमनला ब्लॉक करून दाखव.

कामाचं लिहितो आहे, उगाच गैरसमज नको. काल खरेदीवाल्या बाई कारखान्यात आल्या होत्या. त्याच, ज्यांच्या कंपनीच्या एकशेचाळीस दुकानांत आपला निम्म्याहून जास्त माल जातो. त्यांनी सहा कपबश्यांचा एक खोका माझ्या टेबलावर उघडला. कप एका बाजूला ठेवले आणि आतलं सगळं पॅकिंग दुसऱ्या बाजूला रचलं. थर्माकोलचे तुकडे, फुग्यांचं प्लास्टिक, चिकटपट्टी. ढिगाऱ्यामागे कप दिसेनासे झाले.

"तुम्ही नक्की काय बनवता?" बाईंनी विचारलं.

ऑगस्टअखेर थर्माकोल आणि प्लास्टिक बंद, असं त्या सांगून गेल्या. फुटतूट वाढायला नको आणि भावही वाढायला नको. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, म्हणाल्या, दुसरे दोन कारखाने तयार आहेत. हे गिऱ्हाईक गेलं तर दुसरी भट्टी विझवावी लागेल. साठातली अठ्ठावीस माणसं घरी बसतील. तू त्यातल्या प्रत्येकाला ओळखतेस.

तर मुद्दा असा की तू पेट्यांबद्दल एक फाइल केली होतीस. निळी. ती कुठे ठेवलीस आठवतं का? कपाटात सापडत नाही. सापडली तर बरं, नाही सापडली तरी काही अडलेलं नाही.

दादा

ता. क. आईचे गुडघे ठीक आहेत. तू वेळेवर जेवतेस का, असं तिने विचारायला सांगितलं आहे.

२१ फेब्रुवारी

ठके,

उत्तर नाही. ठीक आहे, कामात असशील. मालवाहतुकीच्या कंपनीत बरंच काम असतं म्हणे.

फाइल सापडली. माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. कुणी ठेवली कोण जाणे. रविवारी सबंध सकाळ वाचत बसलो. लाकडी पेट्या, आत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या लावलेल्या खाचा, खाचांत प्लेटा कडेवर उभ्या. आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात, हे मला तीस वर्षं माहीत आहे आणि तरी आम्ही आडव्याच रचत आलो, कारण थर्माकोलचा साचा तसा यायचा. पेटी भरून जाणार, आणि जी गाडी आजवर रिकामी परत येते तीच रिकाम्या पेट्या घेऊन येणार. तू 'वीस फेऱ्या' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या आहेस. एक पेटी वीस वेळा गेली-आली, तरच ती पुठ्ठ्याच्या खोक्याहून स्वस्त पडते, आणि झाडाच्या दृष्टीनेही तेव्हाच परवडते. त्याच्या आत हरवली तर दोन्हीकडून नुकसान.

बाईंना जाऊन सांगितलं. त्यांना पटलं. आधी बारा दुकानांत करून बघू, म्हणाल्या. दहातल्या नऊ पेट्या परत आल्या पाहिजेत, एवढी एकच अट.

तुझी फाइल बरी आहे. अक्षर सुधार.

दादा

११ एप्रिल

ठके,

पेट्या झाल्या! चारशे. सुतारकाकांनी आयुष्यात एवढ्या हौसेने काही केलं नसेल. नुसतं खोकं ठोकून द्या म्हटलं होतं, पण त्यांना कोण थांबवणार? कोपरे गोल केले, दोनदा पॉलिशपेपर मारला, तेल लावलं, बोटं नीट बसतील अशी हाताला भोकं पाडली. खाचांच्या पट्ट्या सुट्या ठेवल्या, हव्या तेव्हा उपसता येतात. वरचं झाकण असं बसतं की टक् असा आवाज येतो. मी सकाळपासून दहा वेळा तो आवाज ऐकला.

मी त्यांना अडवलं नाही हेही खरं. बाबा म्हणायचे ना, जी वस्तू आपण आपल्या घरात ठेवणार नाही ती फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही. एका कपाच्या कानाला केसाएवढी चीर दिसली तर ते अख्खी रास परत निवडायला लावायचे. पेटीलाही मी तोच नियम लावला. बाबांनी पाठ थोपटली असती.

पहिली खेप परवा गेली. अडीच हजार नगांत तीन फुटले. तीन! थर्माकोलमध्ये तीस-चाळीस ठरलेले असायचे. पॅकिंगमधल्या बायका तर खूश आहेत, थर्माकोलचे दाणे केसांत अडकत नाहीत म्हणून. बाईंनी फोन करून विचारलं, कल्पना कुणाची? मी सांगितलं, घरचीच आहे.

तू एकदा येऊन बघायला हवंस. म्हणजे वेळ असेल तर.

दादा

३ जून

ठके,

तोंडावर आपटलो आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहितो, तू तशीही उत्तर देत नाहीस.

पहिल्या फेरीला चारशेतल्या तीनशे एकाहत्तर पेट्या परत आल्या. मी म्हटलं, होतं असं सुरुवातीला. दुसऱ्या फेरीला दोनशे नव्वद. तिसऱ्या फेरीला गाडीचं मागचं दार उघडलं तर आत एकशेसाठ पेट्या, बाकी मोकळी जागा. मला वाटलं ड्रायव्हर विकतोय. त्याला तसं बोललोही. त्याने नुसती गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. म्हणाला, "साहेब, तुम्हीच चला."

काल त्याच्याबरोबर बारा दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात गल्ल्यावरचा माणूस आपल्या पेटीवर बसला होता. मला बघून उठला, पेटी हाताने पुसली आणि मलाच बसायला दिली. दुसऱ्या दुकानात तिघींनी एकावर एक रचून चपलांचं कपाट केलं होतं. एकीने घरी मुलाची पुस्तकं ठेवायला नेली आहे, एकाने कुंड्यांसाठी नेल्या आहेत, त्याही चांगल्या पाच. सातव्या दुकानाच्या मागच्या खोलीत मांजर व्यालं होतं आपल्या पेटीत. नमद्याच्या पट्ट्या अंथरूण म्हणून घातल्या होत्या. मालकीणबाई कुजबुजत म्हणाल्या, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत राहू द्या.

कुणाला चोरी केल्यासारखं वाटत नव्हतं गं. सगळे माझं कौतुक करत होते. "एवढी चांगली पेटी तुम्ही परत मागाल असं वाटलंच नाही," असं एकाने तर अगदी मनापासून सांगितलं. मला राग यायला हवा होता, पण मी लाजेने हसत होतो.

आपण चारशे स्टुलं फुकट वाटली आहेत.

दादा

५ जून

ठके,

परवाच्या पत्रात मांजराचं लिहिलं आणि खरं ते लिहायचं टाळलं. दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही. आज लिहून टाकतो.

फाइल कधीच हरवली नव्हती. तू गेलीस त्याच दिवशी मी ती खणात ठेवली. मधूनमधून काढून बघायचो. तुझं अक्षरही चांगलं आहे.

बाईंना मी 'घरची कल्पना' म्हणालो नाही. 'माझी' म्हणालो. त्यांनी कौतुक केलं ते मी घेतलं.

दोन वर्षांपूर्वी त्या मीटिंगमध्ये तू फाइल उघडलीस तेव्हा मी विचारलं, आपण कपबश्या विकतो की पेट्या? सगळे हसले, आणि ते हसताहेत हे पाहून मला आणखी चेव आला. झाडं वाचवायची असतील तर बागेत नोकरी धर, असं मीच म्हणालो. तू फाइल मिटलीस आणि दुपारी तुझी खुर्ची रिकामी होती. आईला मी सांगितलं की तुला बाहेर मोठी नोकरी लागली, घाईने जावं लागलं. तिने विश्वास ठेवला असं मला वाटायचं. काल रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "दोन वर्षं तू खोटं बोलतोस आणि दोन वर्षं मी ऐकून घेते, कुणाला जास्त दुखत असेल?"

आणि सगळ्यात वाईट गोष्ट पान अकराची. ती लिहायला मला आत्ताही जड जातं आहे. तू तिथे लिहिलं होतंस, पेटी सुंदर करू नये. मी ते वाचलं होतं. मला तो बाबांचा अपमान वाटला. म्हणून सुतारकाकांना फाइल देताना ते पान काढून घेतलं. पुढचं वाचलंच नाही.

ऑगस्टअखेरला बारा आठवडे आहेत. बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या भट्टीवरची माणसं मला सकाळी नमस्कार करतात तेव्हा मी फोनवर बोलत असल्याचं दाखवतो. मला भीती वाटते आहे, ठके.

माझं चुकलं. पेट्यांच्या बाबतीत नव्हे. तुझ्या बाबतीत.

दादा

१७ जून

ठके,

तुझा कागद आला. 'प्रिय' नाही, 'दादा' नाही, खाली सही नाही, पेन्सिलने काढलेलं चित्र आणि पाच ओळी. पाकीट मी तीनदा उलटसुलट करून मगच उघडलं, हे तुला सांगायला मला आता कमीपणा वाटत नाही. आईला चित्र दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने तो कागद संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

तुझ्या ओळी मी इथे परत लिहितो, मला नीट समजल्या आहेत की नाही ते बघ. तळ काढून टाका, प्लेटा खाचांतच अडकून राहतात. खाचा पक्क्या ठोका, निघता कामा नयेत. वरच्या कडांना दाते ठेवा, बसता येऊ नये. रंग नको, तेल नको, झाकण नको. दुकानदाराला ती अडगळ वाटली पाहिजे, म्हणजे तोच गाडीची वाट बघेल.

वाचून मी मोठ्याने हसलो. दोन वर्षांपूर्वी हसलो होतो तसा नाही.

खरी मजा पुढे आहे. सुतारकाकांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग म्हणाले, "हे कुणी केलं?"

"तुमच्या लाडकीने."

"तिला सांग, काका म्हातारे झालेत, वेडे नाही झाले. तळ नसलेली पेटी माझ्या हातून होणार नाही."

मी त्यांना शेजारी बसवून बारा दुकानांची हकिगत सांगितली. तुमची पेटी लोकांना इतकी आवडली की त्यामुळेच आपण बुडतो आहोत, असं म्हटलं. त्यावर ते उठून गेले आणि दिवसभर नुसती करवत पुसत बसले. डबाही उघडला नाही. दुसऱ्या दिवशी मी जायच्या आत कामाला लागले होते. मला बघून म्हणाले, "तुझे बाबा प्लेटीबद्दल बोलायचे. प्लेट घरात राहायची असते, म्हणून ती घरात ठेवण्यासारखी हवी. पेटी घरात राहायचीच नाही. तिला तो नियम कशाला?"

तीस वर्षं मी तो नियम घोकला आणि काकांना तो एका दिवसात कळला. मान खाली घालून ऐकून घेतलं.

घरोघरी गेलेल्या पेट्या परत मागितल्या नाहीत. ज्या आल्या होत्या त्यांचेच तळ उपसले, दाते कापले, कमी पडल्या तेवढ्या नव्या केल्या. दिसायला इतक्या ओबडधोबड आहेत की काका त्या झाकून ठेवतात. मात्र आतल्या खाचा त्यांनी पॉलिशपेपरने घासल्याच. म्हणाले, "तिथे प्लेट टेकते. तिथे मला कुणी शिकवू नये."

पेटी रिकामी झाली की तिच्यात काहीही ठेवा, खालून पडतं. मी करून बघितलं. माझा चहाचा कप गेला.

दादा

२८ ऑगस्ट

ठके,

सरळ सांगतो. चारशे गेल्या. पहिल्या फेरीला तीनशे चौऱ्याण्णव आल्या, दुसऱ्याला तीनशे ब्याण्णव आणि काल, तिसऱ्या फेरीला, तीनशे एक्याण्णव. ड्रायव्हर सांगतो, आता दुकानदार फोन करून विचारतात, तुमची ती अडगळ कधी नेताय? एकाने तर गाडी यायच्या आत पेट्या फुटपाथवर काढून ठेवल्या होत्या. इतका आनंद मला कुणी वस्तू परत दिल्याचा आजवर झाला नव्हता. फुटतूट अडीच हजारांत चार. भाव होता तोच आहे. गाडी रिकामी येत नाही.

आज बाई आल्या होत्या. दुसऱ्या भट्टीवरची माणसं काही ना काही निमित्त काढून ऑफिसच्या खिडकीवरून जात होती. बाईंनी पेटी हातात घेतली, उलटी केली, तिच्यातून पलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फारच कुरूप आहे हो." सुतारकाका दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण बाई पुढे म्हणाल्या, "एकशेचाळीस दुकानांना देता येतील?"

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

मग बाईंनी कागद पुढे केला, सहीसाठी. मी पेन उघडलं आणि सांगितलं की आधी एक गोष्ट बोलायची आहे. ही कल्पना माझी नाही, धाकट्या बहिणीची आहे, दोन वर्षांपूर्वीची. मी तिला हसलो म्हणून ती गेली. मी तुम्हाला खोटं सांगितलं. पहिल्या पेट्या फसल्या त्याही मी तिचं एक पान दडवलं म्हणून. खोलीत काका होते, हिशेबनीस होते, त्या दिवशी हसलेले बहुतेक सगळे होते. मी मुद्दाम त्यांना बोलावून घेतलं होतं.

बाईंनी कागद मागे घेतला. वाटलं, गेलं सगळं. पण त्यांनी फक्त करारातली मुदत बदलली. तीन वर्षांच्या जागी सहा महिने लिहिलं. म्हणाल्या, "एकशेचाळीस दुकानांचं गणित वेगळं असतं. ज्यांनी वीस फेऱ्यांचा विचार केला त्या चालवणार असतील तर तीन वर्षांचं बोलू. तुम्ही एकटेच असाल तर सहा महिने बघते."

अपमान म्हणशील तर अपमान आहे. पण बाई बरोबर बोलल्या. मला चारशे पेट्या सांभाळताना घाम फुटला, सहा हजार पेट्या मी कशा फिरवणार?

तर आता मी काय मागतो आहे ते तुला कळलं असेल. मी 'ये' म्हणणार नाही, तो हक्क मी घालवला. अठ्ठावीस माणसांचं नाव पुढे करून तुला ओढणारही नाही. सहा महिन्यांची सोय झाली आहे, पुढचं मी शिकून घेईन, नाहीतर दुसरं कुणी शोधेन. फक्त एवढं सांगतो की वाढीव खेप सोमवारी निघते आहे आणि पहिल्या नव्या दुकानांत तुझ्या शहरातलं मोठ्या चौकातलं दुकानही आहे. बघून ये. तुझी वस्तू आहे.

दादा

११ सप्टेंबर

दादा,

गेले होते चौकातल्या दुकानात. ओळख दिली नाही. आधी अर्धा तास प्लेटा बघितल्यासारखं केलं. दाराजवळ पेट्या रचलेल्या होत्या. चित्र मी काढलं होतं, पण लाकडात बघणं ही वेगळीच गोष्ट असते. खाचांमधून बोट फिरवलं. काकांनी खरंच घासल्या आहेत. तिथे उभ्या उभ्या रडायला आलं, म्हणून दिव्यांच्या विभागात गेले. हे तू आईला सांगणार आहेस, मला माहीत आहे.

मग गल्ल्यावर जाऊन विचारलं, ती रिकामी पेटी विकत द्याल का?

"हिचं काय करणार? हिला तळ नाही, ताई."

"मला आवडली."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "नाही देता येणार. ही परत जायची असते. बुधवारी गाडी येते."

मी जास्त पैसे देते म्हटलं. त्याने पेटी उचलून गल्ल्यामागे नेऊन ठेवली. अजून माझ्यावर लक्ष ठेवून असेल. दादा, माझ्या कुठल्याही कामाचं मला इतकं समाधान मिळालेलं नाही.

तुझी सगळी पत्रं वाचली. पहिली दोन वाचून फाडावीशी वाटली. पाच जूनचं अनेकदा वाचलं. राग गेलेला नाही. थोडा कमी झाला आहे, आणि राहिलेला मला समोरासमोर काढायचा आहे, पत्रातून तो नीट निघत नाही. इथल्या कंपनीकडे तीन महिन्यांची रजा मागितली. साहेब म्हणाले, कशासाठी? मी म्हटलं, घरचं काम.

बाईंना सांग, तीन वर्षांचा कागद काढून ठेवा. पण सही दोघांची होईल. आणि सहा हजार पेट्या चालणार नाहीत, साडेचार हजारांत भागतं, फक्त गाड्यांचे दिवस बदलायला लागतील. आणखी एक, भट्टीतून जी उष्णता धुराड्यातून फुकट बाहेर जाते तिच्याबद्दलही मला बोलायचं आहे. हसायचं असेल तर मी यायच्या आत हसून घे.

बुधवारी गाडी रिकाम्या पेट्या न्यायला येईल तेव्हा ड्रायव्हरला सांग, चौकातल्या दुकानापाशी पाच मिनिटं जास्त थांब. पुढच्या सीटवर एक जागा लागेल. सामान फार नाही.